फुटबॉलच्या कपडेपटातली टाचणी

ओठांत टाचण्या धरून हसता येतं, हे मी तिच्याकडे पाहून शिकलो. शिकलो म्हणजे कळलं. जमलं कधीच नाही. एकदा गंमत म्हणून प्रयत्न केला, तर टाचणी हिरडीत घुसली आणि तो प्रयोग मी रक्त गिळत केला. प्रेक्षकांना वाटलं, राजा काय दुःख दाखवतोय! ती मात्र विंगेत तोंडावर रुमाल दाबून हसत होती.

आमच्या नाटक कंपनीत ती कपडेपट सांभाळायची. तिला सगळे टाचणीच म्हणत. अंगानंही तशीच, सरळ आणि बारीक, आणि बोलायला लागली की टोचणारी. दोन प्रवेशांच्या मध्ये विंगेतल्या काळोखात ती सैनिकाचा भिकारी करायची आणि भिकाऱ्याचा नवरदेव, आणि बटण एकही चुकायचं नाही. मी बहुतेक राजेच केले, म्हणून ती मला ‘राजे’ म्हणायची. त्यात आदर कमी आणि चेष्टा जास्त असायची. "राजे, पोट आत घ्या, सिंहासन अडतंय."

तिचं आणखी एक काम होतं, जे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आमचा प्रॉम्प्टर म्हातारा होता आणि दुसऱ्या अंकात हमखास पेंगायचा. नट अडला, त्याची नजर रिकामी झाली, की टाचणी विंगेतून नुसते ओठ हलवायची. आवाज अजिबात नाही. पहिला शब्द ओठांवर दिसला की पुढचं आपोआप तोंडात यायचं. अख्खं नाटक तिला कानांनी पाठ झालेलं असे. तिच्या ओठांनी माझी अब्रू किती वेळा वाचवली, याला गणती नाही.

आणि कंपनीचा एक कायदा होता, कुठेही न लिहिलेला. वेश चढवला की माणूस बाजूला, पात्र उभं. ताप असो, पायाचं बोट मोडलेलं असो, घरून वाईट बातमी आलेली असो, पडदा वर जाणार म्हणजे जाणार. अंग फणफणलेलं असताना मला तिनं एकदा कपाळ पुसून, पाठीत हात घालून रंगमंचावर ढकललं होतं. तेव्हा आम्हाला हे सगळं फार थोर वाटायचं.

मग नाट्यगृह विकलं गेलं आणि तिथे सोफ्यांचं दुकान झालं. कंपनी विखुरली. मी जाहिरातींना आवाज देऊ लागलो. टाचणीला काम मिळालं फुटबॉल क्लबात. राष्ट्रीय लीगमध्ये खेळणारा, पगारी खेळाडूंचा क्लब. खेळाडूंचे कपडे सांभाळायला माणूस हवा होता, कारण आधीच्या माणसानं पांढरे शर्ट लाल मोज्यांबरोबर उकळले होते आणि संघाला एक अख्खा सामना गुलाबी होऊन खेळावा लागला होता.

मुलाखतीत व्यवस्थापकांनी विचारलं, "फुटबॉल कळतो का?"

ही म्हणाली, "नाही. घाम कळतो."

झालं, लागली नोकरी.

तिची ती खोली मी पाहिली आहे. मैदानाच्या पोटात, प्रेक्षकांच्या पायऱ्यांच्या खाली. घरघरणारी यंत्रं, भिंतभर खुंट्या, प्रत्येक खुंटीवर एक नंबर. चिखल, मलम आणि साबण यांचा एकत्र वास. शर्टावरचे आकडे गरम इस्त्रीनं सोलून निघतात म्हणून ती त्यांच्यावर जुनी चादर टाकून इस्त्री फिरवायची. गोलकीपरचे हातमोजे कोमट पाण्यात, हातानं, लहान बाळाला आंघोळ घालावी तसे धुवायची. ते उन्हात वाळवायचे नाहीत, नाहीतर तळव्याचं रबर तडकतं. सामन्याआधी तळवे थोडे ओले करून द्यायचे, म्हणजे चेंडू हाताला धरून राहतो. हे सगळं तिला खेळाडूंनीच शिकवलं. ती त्यांना ‘नटमंडळी’ म्हणायची आणि ते तिला मावशी.

त्यातला गोलकीपर तिचा विशेष लाडका. नाव काहीही असो, सगळे त्याला लांबू म्हणत. दाराची चौकट ज्याला नेहमी थोडी कमीच पडते अशा उंचीचा. आधीची दोन वर्षं तो राखीव म्हणून बाकावर बसून होता आणि या हंगामात पहिल्यांदा गोलात उभा राहिला होता. सामन्याआधी तो तिच्या खोलीत यायचा, हातमोजे स्वतः न घेता हात पुढे करायचा आणि ती ते चढवून द्यायची.

"राजकुमार, दुसरा हात."

"मावशी, आज एकही जाऊ देत नाही बघा."

"जाऊ दिलास तर शर्ट तूच धू."

हंगामाची सुरुवात झकास झाली. लीगच्या तक्त्यात संघ वरून तिसरा. मग पुढच्या फळीतला मोठा खेळाडू पायाला लागून घरी बसला, आणि घसरण सुरू झाली. पावलापावलानं, जिना उतरावा तशी. हंगाम संपत आला तेव्हा आम्ही तळाला टेकलो होतो. या लीगमध्ये तळाचे दोन संघ खालच्या लीगमध्ये ढकलले जातात. तसं झालं की चांगले खेळाडू दुसरीकडे जातात, उरलेल्यांचे करार संपतात, आणि क्लबातली निम्मी माणसं घरी बसतात. लांबूचा करार याच हंगामापुरता होता. संघ टिकला तर नवा करार, नाहीतर पुन्हा कुठल्यातरी क्लबाच्या बाकावर, तोही मिळाला तर.

अशात बाहेरगावचा तो सामना आला. उंच चेंडू आला, लांबू झेपावला, आणि समोरच्याचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. तो पडला, उठला, हात वर करून ‘ठीक आहे’ म्हणाला आणि मध्यंतरापर्यंत खेळला. एकदा तर त्यानं अडवलेला चेंडू पाहून समोरच्यांचे लोकसुद्धा उभे राहिले.

मध्यंतरात ड्रेसिंग रूममध्ये डॉक्टरांनी त्याला बाकावर बसवलं. डोक्याला मार लागला की हे विचारतातच: आपण कुठल्या मैदानावर आहोत, समोर कोण, मागच्या आठवड्यात कुणाशी खेळलो. उत्तर अडखळलं तर खेळाडूला बाहेर काढतात.

पहिली दोन उत्तरं त्यानं दिली.

"मागच्या आठवड्यात कुणाशी खेळलो?"

लांबूची नजर रिकामी झाली.

टाचणी डॉक्टरांच्या पाठीमागे कोरडा शर्ट घेऊन उभी होती. ती नजर तिनं आयुष्यभर पाहिलेली. नट अडलाय. आणि तिनं काही विचार करायच्या आत तिचे ओठ हलले. बंदर.

"बंदरच्या संघाशी," लांबू म्हणाला.

"निकाल?"

पुन्हा ओठ.

"बरोबरी."

डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं. दुसऱ्या अर्ध्यात आपण एक गोल केला आणि जिंकलो. ड्रेसिंग रूममध्ये सगळे एकमेकांच्या गळ्यात पडले आणि प्रशिक्षकांनी, ज्यांना सगळे नुसतं सर म्हणतात, टाचणीलासुद्धा उचलून गिरकी दिली. तिनं मला नंतर सांगितलं, "राजे, खोटं कशाला बोलू, त्या वेळी मला फार बरं वाटलं. पडता प्रवेश सावरल्यासारखं."

परतीच्या बसमध्ये लांबू तिच्या शेजारी बसला होता. बाकीचे गात होते. तो तिच्याकडे वाकून हळूच म्हणाला, "मावशी, सगळे गातायत का? आपण हरलो ना?"

त्यानंतरच्या आठवड्यांत तो सरावाआधी लवकर यायचा आणि तिच्या खोलीतली ट्यूबलाइट बंद करायला सांगून यंत्रांच्या मध्ये, जमिनीवर, टॉवेल डोक्यावर घेऊन बसायचा. उजेड टोचतो म्हणायचा. वाकलं की गरगरतं, म्हणून बुटांच्या नाड्या तिनं बांधायच्या. सरावाच्या शर्टाला आंबूस वास यायला लागला. घामाचा वास तिला कळायचा, आणि हा घाम नव्हता. तो मैदानामागे जाऊन ओकत होता आणि शर्टालाच तोंड पुसत होता.

"डॉक्टरांना सांग," ती म्हणाली.

"सांगितलं की बाहेर. आणि आत कोण येणार? काका?"

काका म्हणजे राखीव गोलकीपर. संघातला सर्वांत वयस्क, डोक्यावर केस नाहीत, पोटावर भरपूर. अख्ख्या हंगामात मैदानावर उतरला नव्हता. बाकावर बसून केळी खायचा आणि सगळ्यांना हसवायचा.

"बायकोला तरी सांग."

"ती पहाटे उठून बस काढते, मावशी. शहरभर माणसं पोचवते. तिच्या डोक्याला आणखी ताप कशाला? उरलेच किती सामने? मग झोपतो महिनाभर. तुम्ही फक्त गप्प राहा."

आणि ती गप्प राहिली. नुसती गप्प राहिली नाही, तर मदत केली. दुपारच्या सामन्यांना त्याला उजेड सोसत नाही म्हणून टोपीच्या पुढच्या पट्टीला आतून काळं कापड शिवून दिलं. नाड्या बांधल्या. घाण शर्ट इतरांच्या आधी वेगळे धुतले, कुणाच्या नाकाला लागू नयेत म्हणून. पात्र उभं राहिलं पाहिजे ना! कपडेपटातल्या बाईनं जे करायचं, ते सगळं केलं.

घरी ती आणि तिची थोरली बहीण. ताईचे पाय चालत नाहीत, पण जीभ चालते. रेडिओवर प्रत्येक सामना ऐकते आणि रेडिओशी भांडते. टाचणी ताटात हात घालून नुसतीच बसली, तेव्हा ताई म्हणाली, "काय गं, कुणाचं लपवतेयस?"

"कुणाचं काय लपवायचंय?"

"तोंडात टाचण्या असल्यासारखी बोलतेस आठवडाभर. एक तर गीळ, नाहीतर थुंक."

"ताई, जेव गं तू."

"मी जेवतेच आहे. तू बघ स्वतःकडे."

शेवटच्या सामन्याच्या आदल्या दिवशी ती माझ्याकडे आली. मला सामन्याचा पास द्यायला, असं म्हणाली. मी चहा केला. तिनं तो गार होऊ दिला. मग एकदम विचारलं, "राजे, मी तुम्हाला तापात ढकललं होतं तो प्रयोग आठवतो?"

"न आठवून काय! टाळ्या थांबत नव्हत्या."

"टाळ्या तुम्ही ऐकल्यात?"

इतकी वर्षं मी हा किस्सा रंगवून सांगत आलोय, पण असं मला कुणी विचारलं नव्हतं.

"नाही," मी म्हणालो. "मला काहीच आठवत नाही गं. पडद्याची दोरी आठवते आणि मग इस्पितळाचं छत. टाळ्यांचं इतरांनी सांगितलं."

ती उठली. कप तसाच ठेवून गेली. मला वाटलं, उद्याच्या सामन्याची धास्ती असेल. सगळं शहरच धास्तावलेलं होतं. समोरचा संघ आमच्यासारखाच काठावर. बरोबरी झाली तरी आम्ही टिकणार होतो, हरलो तर खाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी माझ्या जागेवर जाऊन बसलो. अशी शांत गर्दी मी नाट्यगृहातच पाहिली होती, नायक विष पितो त्या प्रवेशाला. शेजारचा माणूस नखं खात होता. त्याची संपली तेव्हा तो माझ्या हाताकडे पाहू लागला, असं मला वाटलं.

आम्ही लवकर गोल केला. मैदान फुटेल असा आवाज झाला. त्या आवाजात मी लांबूकडे पाहत होतो. त्यानं दोन्ही हातांनी कान झाकून घेतले होते. मला वाटलं, देवाला वगैरे आळवतोय. मग समोरून एक साधा, घरंगळत येणारा चेंडू आला. लांबूनं झेप घेतली, पण चेंडू जिथे होता तिथे नाही. शेजारच्या रिकाम्या जागेवर. चेंडू त्याच्या पायांजवळून रेंगाळत आत गेला. एक एक.

शेजारचा म्हणाला, "आंधळा झाला काय हा?"

मध्यंतर झालं. खाली ड्रेसिंग रूममध्ये जे घडलं ते मला त्याच संध्याकाळी कळलं, तिच्या तोंडून, एकेका शब्दासकट.

डॉक्टरांनी या वेळी लांबूला हाताला धरून बसवलं. तो गोल त्यांना आवडला नव्हता.

"कुणाशी खेळतोय आपण?"

सांगितलं.

"मागचा सामना कुणाशी?"

लांबूनं डॉक्टरांच्या खांद्यावरून पाहिलं. टाचणी तिथेच होती, ओले केलेले हातमोजे घेऊन. तो तिच्या तोंडाकडे पाहत होता. कंपनीतल्या आमच्यापैकी प्रत्येकानं कधी ना कधी पाहिलं होतं, तसंच. भीक मागितल्यासारखं नाही, हक्कानं. तिथे शब्द असणारच, या खात्रीनं.

तिनं ओठ दातांखाली धरले. "राजे, मला वाटलं मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी रंगमंचावर एकटं सोडतेय," ती म्हणाली.

लांबू वाट पाहत राहिला. सर घड्याळ पाहत होते. मग त्याची नजर सरकली आणि डॉक्टरांच्या मागच्या भिंतीवर गेली. तिथे हंगामाच्या सगळ्या सामन्यांचं छापील वेळापत्रक चिकटवलेलं होतं. त्यानं डोळे बारीक करून वाचलं आणि उत्तर दिलं. बरोबर उत्तर.

डॉक्टर घुटमळले. सर म्हणाले, "डॉक्टर, झालं ना? वेळ होत आली."

"ठीक वाटतोय," डॉक्टर म्हणाले.

सगळे उठले. लांबू दाराशी आला आणि नेहमीसारखे दोन्ही हात पुढे केले. टाचणीनं हातमोजे पाठीमागे नेले.

"मावशी, द्या."

"नाही देणार."

"अहो, काय चेष्टा आहे?" सर ओरडले.

विंगेतली बाई प्रकाशात येत नाही. आमच्या कंपनीत ती शेवटच्या नमस्कारालासुद्धा कधी बाहेर आली नाही. पण त्या खोलीत सगळी नटमंडळी तिच्याकडे पाहत असताना ती बोलली.

"डॉक्टर, याला काही दिसत नाही नीट. हा रोज ओकतोय. नाड्या मी बांधते याच्या. बाहेरगावी तुम्ही विचारलंत तेव्हा उत्तरं मी सांगितली, तुमच्या पाठीमागून. आज यानं भिंतीवरून वाचलं."

"खोटं आहे!" लांबू म्हणाला. "सर, म्हातारीला काय कळतं? हिला ऑफसाइडसुद्धा कळत नाही."

ते तिला लागलं. पण ती मागे सरली नाही.

"त्याला भिंतीकडे पाठ करून बसवा आणि विचारा," ती म्हणाली. "आज आपला गोल कुणी केला, विचारा."

सर काही बोलणार होते. डॉक्टरांनी हात वर केला आणि लांबूला वळवून बसवलं.

"आज आपला गोल कुणी केला?"

ज्यानं केला तो समोरच उभा होता, गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेला. लांबू एकेकाच्या तोंडाकडे पाहत राहिला. बाहेरून लोकांचं गाणं ऐकू येत होतं.

"आपण गोल केला?" त्यानं विचारलं.

सर मटकन बाकावर बसले. फार वेळ नव्हता, पण ते बसले. मग तोंडावरून हात फिरवून म्हणाले, "काका, ऊठ."

काकाच्या तोंडात केळं होतं. "मी? आत्ता?"

"नाही, पुढच्या हंगामात. ऊठ!"

लांबूचे हातमोजे काकाला होत नव्हते. टाचणीनं त्याचे स्वतःचे काढून दिले, हंगामभर खुंटीवर राहिलेले, पण तळवे ओले केलेले. ते ती प्रत्येक सामन्याला ओले करून ठेवायची.

वर आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. गोलात काका उभा राहिलेला पाहून लोक आधी हसले आणि मग शिव्या देऊ लागले. पण काय सांगू! तो माणूस त्या दिवशी पोटानं, मांडीनं, एकदा तर चक्क पाठीनं चेंडू अडवत होता. शेजारचा माणूस आता माझा दंड धरून बसला होता आणि प्रत्येक वेळी तो पिळत होता. घड्याळ संपत आलं. एक एक. लोक शिट्टीसाठी ओरडत होते. शिट्टीऐवजी समोरच्यांना कॉर्नर मिळाला. चेंडू आला, गर्दी उसळली, काकाची बोटं चेंडूला लागली. लागली, मी पाहिलं. आणि चेंडू बोटांवरून खांबाला थडकून आत पडला.

आम्ही खालच्या लीगमध्ये गेलो.

काका तिथेच मांडी घालून बसला. त्याला उठवायला समोरच्या संघाचा गोलकीपर धावत आला.

मी खाली गेलो तेव्हा टाचणी रिकाम्या खोलीत उभी होती. लांबूला डॉक्टरांनी दुसऱ्या अर्ध्यातच इस्पितळात नेलं होतं, गाडीत तो दोनदा ओकला होता. क्लबातला एकजण तिच्या अंगावरून जाताना म्हणाला, "झालं समाधान?" तिनं ऐकलं न ऐकलंसं केलं आणि मला म्हणाली, "राजे, मला एकटीनं जाववत नाही." आणि जाता जाता ते सगळं सांगितलं.

इस्पितळाच्या व्हरांड्यात खुर्च्यांची रांग होती. पलीकडच्या टोकाला डॉक्टर आणि सर उभे होते. मधल्या एका खुर्चीवर लांबूची बायको होती, बसचालकाच्या गणवेशात, छातीवर बिल्ला तसाच. फेरी अर्ध्यात सोडून आली होती. शेजारच्या खुर्चीवर तिची मोठी पिशवी. आम्ही समोर उभे राहिलो. तिनं टाचणीकडे पाहून मान हलवली. मावशीबद्दल तिनं घरी ऐकलं असणार.

बऱ्याच वेळानं तपासणीच्या खोलीतून बाई डॉक्टर आल्या. म्हणाल्या, "आत रक्त साकळलंय. थोडं आहे. जुनं आहे आणि त्यावर नवं आहे. औषधानं विरघळेल असं वाटतं, आज तरी डोकं उघडायची गरज नाही. पण गोलात उभं राहणं आता विसरा. आज आणखी एक फटका बसला असता तर मी तुमच्याशी हे बोलत नसते. वेळेत आणलंत."

त्या आत गेल्या. सरांनी भिंतीला डोकं टेकलं. मी नकळत टाचणीचा हात धरला होता, तो तिनं सोडवून घेतला.

बायको उठली नाही. तिनं बसल्या बसल्याच विचारलं, "जुनं म्हणजे?"

डॉक्टर आणि सर एकमेकांकडे पाहू लागले.

"जुनं म्हणजे कधीचं? घरी तर म्हणायचा, झोप होत नाही. उन्हानं डोकं चढतं." ती टाचणीकडे वळली. "मावशी, तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

"कधीपासून?"

त्या क्षणी तिला वाचवायला सतरा वाटा होत्या. डॉक्टरांनी तोंड उघडलंही होतं, आज यांनीच सांगितलं म्हणून वाचला, असलं काहीतरी. मला स्वतःला चार वाक्यं सुचली होती, चांगली, टाळ्यांची.

"बाहेरगावच्या सामन्यापासून," टाचणी म्हणाली. "मार लागला त्या दिवसापासून. तो अडला होता, मी त्याला उत्तरं सांगितली. नाहीतर तेव्हाच बाहेर बसला असता."

"का सांगितलीत?"

"सवय."

बायकोचा चेहरा लाल झाला, मग पांढरा. मला वाटलं, आता ही उठून तिच्या मुस्काटात देणार, आणि दिली असती तर टाचणीनं गालही पुसला नसता. व्हरांड्याच्या टोकाला कुणाची तरी ट्रॉली खडखडत गेली.

"मला फार राग आलाय तुमचा," बायको म्हणाली.

"येऊ दे."

"जाणारही नाही तो."

"नको जाऊ दे."

आतून नर्सनं हाक मारली, थोड्या वेळानं एकाला आत सोडू म्हणून. बायकोनं डोळे पुसले. टाचणी अजून उभीच होती, सामन्याच्या सुरुवातीपासून बहुधा उभीच असेल. बायकोनं शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलली आणि मांडीवर घेतली.